विश्लेषण : एकाच रुग्णात टीबीचे दोन स्ट्रेन, औषध लागू पडत नाही तेव्हा दोष नेहमी रुग्णाचाच का?

टीबीचे औषध सुरू होऊन दोन महिने झाले. खोकला थांबत नाही, वजन वाढत नाही आणि थुंकीत जिवाणू अजून दिसतातच. अशा वेळी रुग्णाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोळ्या नियमित घेतल्या का? प्रश्न चुकीचा नाही. औषधे मध्येच सोडल्याने टीबी बिघडतो, हे खरेच आहे. पण बऱ्याचदा चौकशी याच प्रश्नावर थांबते. मग घरचेही रुग्णाकडे संशयाने बघू लागतात आणि तीच औषधे तशीच पुढे चालू राहतात.

टीबीच्या जिवाणूच्या जनुकीय अभ्यासाने आणखी एक शक्यता समोर आणली आहे. एकाच रुग्णाच्या शरीरात एकाच वेळी टीबीचे दोन वेगवेगळे स्ट्रेन असू शकतात. त्यातला एक नेहमीच्या औषधांनी मरणारा आणि दुसरा त्यांना दाद न देणारा असेल, तर पहिल्या तपासणीत दुसरा निसटू शकतो. अशा रुग्णाने एकही गोळी चुकवली नाही तरी तो बरा होत नाही. हा ‘मिश्र संसर्ग’ नेमका काय असतो, तपासणीत तो का सापडत नाही आणि त्यावर काय करता येईल, ते समजून घेणे गरजेचे आहे.

मिश्र संसर्ग म्हणजे काय?

कोविडच्या काळात डेल्टा, ओमायक्रॉन ही नावे घरोघरी पोहोचली. टीबीच्या जिवाणूचेही असेच अनेक स्ट्रेन आहेत. फरक इतकाच, की हा जिवाणू फार संथपणे बदलतो. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आराखडा सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला नुकताच संसर्ग झाला असेल, तर दोघांच्या जिवाणूंत साधारणपणे डझनभर अक्षरांपेक्षा जास्त फरक नसतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या स्ट्रेनमध्ये मात्र हा फरक शेकड्यांत असू शकतो.

म्हणून एकाच रुग्णाच्या नमुन्यात शेकडो अक्षरांनी वेगळे असलेले दोन गट सापडले, तर एकापासून दुसरा तयार झाला, असे म्हणता येत नाही. त्या रुग्णाला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लागण झाली, हाच त्याचा अर्थ. दोन्ही लागणी आगेमागे काही दिवसांत झालेल्या असतील किंवा त्यांच्यात काही वर्षांचे अंतर असेल.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली, मिश्र संसर्ग, म्हणजे दोन स्ट्रेन एकाच वेळी शरीरात असणे. दुसरी, पुनर्संसर्ग, म्हणजे एकदा बरे झाल्यावर नव्या स्ट्रेनची लागण होणे. तिसरी, एकाच स्ट्रेनमधल्या काही जिवाणूंमध्ये शरीरातच बदल होऊन ते औषधाला दाद न देणारे होणे. अपुऱ्या किंवा अनियमित उपचारांचा थेट संबंध प्रामुख्याने तिसऱ्या प्रकाराशी आहे. पहिल्या दोन प्रकारांत लागण बाहेरून आलेली असते. रुग्णावर ठपका ठेवताना हा फरक विसरला जातो.

हे लक्षात कसे आले?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. त्यानंतर दीर्घकाळ ‘एक रुग्ण, एक लागण, एक स्ट्रेन’ असेच धरून चालले गेले. दोन स्ट्रेन वेगळे ओळखण्याची चांगली साधनेच नव्हती. १९७५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी तिथल्या इन्युइट रुग्णांच्या नमुन्यांवर काम केले. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा वापर करून त्यांनी जिवाणूंचे प्रकार वेगळे केले, तेव्हा काही रुग्णांत एकाहून अधिक प्रकार आढळले. पण चित्र स्पष्ट झाले ते १९९० च्या दशकात, जिवाणूंच्या डीएनएचे ‘बोटांचे ठसे’ घेता येऊ लागल्यावर.

सर्वांत ठळक पुरावे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमधून आले. शहराच्या काही उपनगरांत टीबीचे प्रमाण फार मोठे आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बरे होऊन पुन्हा टीबी झालेल्या १६ रुग्णांचे जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले गेले. त्यातल्या १२ जणांमध्ये दुसऱ्या वेळचा स्ट्रेन वेगळा निघाला. म्हणजे जुना आजार उलटला नव्हता, नवी लागण झाली होती.

२००४ मध्ये केप टाउनमधल्याच १८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीबीच्या जिवाणूचे ‘बीजिंग’ नावाचे एक कुळ आहे. या रुग्णांपैकी १९ टक्के जणांमध्ये बीजिंग कुळातला आणि त्याबाहेरचा, असे दोन्ही स्ट्रेन एकाच वेळी होते. बीजिंग स्ट्रेन असलेल्यांपैकी तर ५७ टक्के जणांमध्ये दुसराही होता. शिवाय या अभ्यासात जिवाणूंचे फक्त दोन ढोबळ गट केले होते. एकाच गटातले दोन स्ट्रेन शरीरात असतील, तर ते मोजलेच गेले नाहीत. त्यामुळे १९ टक्के हा आकडाही प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.

दुसरा स्ट्रेन तपासणीत का निसटतो?

याची तीन कारणे आहेत आणि ती एकापुढे एक येतात.

पहिले कारण नमुन्यात आहे. फुप्फुसात टीबीच्या एकाहून अधिक जखमा असू शकतात. सकाळी खाकरून काढलेला बेडका येतो तो श्वासनलिकेत उघडणाऱ्या जखमेतून. दुसरा स्ट्रेन बंद जखमेत किंवा एखाद्या गाठीत दडला असेल, तर तो डबीत उतरतच नाही.

दुसरे कारण प्रयोगशाळेत आहे. नमुन्यातले जिवाणू वाढवून तपासण्याला ‘कल्चर’ म्हणतात. त्याला काही आठवडे लागतात. दोन स्ट्रेनपैकी जो जोमाने वाढतो, तो दुसऱ्याला मागे टाकतो. पुढच्या तपासणीसाठी त्यातलीच एखादी वसाहत उचलली, तर अहवाल एकाच स्ट्रेनचा येतो.

तिसरे कारण यंत्रात आहे. भारतात ‘सीबीनॅट’ म्हणून ओळखली जाणारी जलद चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्य केली. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे याच कामाचे छोटे यंत्र. या चाचण्यांनी टीबीचे निदान आठवड्यांवरून तासांवर आणले, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जिवाणू दाद देतो की नाही, हेही त्या सांगतात. त्यासाठी जिवाणूच्या एका जनुकातला छोटा तुकडा तपासला जातो.

पण नमुन्यात दोन प्रकारचे जिवाणू मिसळलेले असतील, तर यंत्राला बहुसंख्यांचाच आवाज ऐकू येतो. सीबीनॅटच्या पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजवर केलेल्या प्रयोगांत, दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण अर्ध्याहून बरेच जास्त असेल तेव्हाच ते खात्रीने पकडले गेले. कल्चरच्या पारंपरिक पद्धतीत मात्र १०० पैकी १ जिवाणू दाद न देणारा निघाला, तरी तो औषधप्रतिरोध मानला जातो. एकीकडे वेग, दुसरीकडे बारकावा, असा हा सौदा आहे.

याचा रुग्णावर खरोखर परिणाम होतो का?

होतो, असे बोत्स्वानातला एक अभ्यास सांगतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फुप्फुसाचा टीबी असलेले ३७० रुग्ण होते. त्यातल्या ३७ जणांत, म्हणजे १० टक्के रुग्णांत, मिश्र संसर्ग आढळला. कल्चरनुसार ५५ रुग्णांचा टीबी रिफाम्पिसिनला दाद न देणारा होता. जलद चाचणीने त्यातले ४ रुग्ण चुकवले आणि मिश्र संसर्गाच्या रुग्णांत ही चूक जास्त प्रमाणात झाली. मिश्र संसर्ग आणि चाचणीतली ही चूक, या दोन्हींचा संबंध उपचारांच्या वाईट निष्पत्तीशी असल्याचे दिसून आले.

आकडा पाहता ४ जण म्हणजे थोडेच. पण या प्रत्येकाला ‘तुमचा टीबी साधा आहे’ असे सांगून न लागू पडणारी औषधे सुरू झाली असती. तोवर घरात, कामाच्या ठिकाणी संसर्ग पसरतच राहिला असता.

औषधेच चाळणीचे काम कशी करतात?

टीबीला एकाच वेळी चार औषधे देण्यामागे हिशेब आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जिवाणू आपोआप तयार होण्याची शक्यता साधारण दहा लाखांत एक असते. रिफाम्पिसिनच्या बाबतीत ती त्याहूनही कितीतरी कमी असते. दोन्हींना एकाच वेळी दाद न देणारा जिवाणू शरीरात आपोआप तयार होणे जवळजवळ अशक्य. म्हणून औषधांची जोडगोळी काम करते. पण हा हिशेब एकाच स्ट्रेनपासून सुरुवात झाली, असे धरून केलेला आहे. दाद न देणारा स्ट्रेन बाहेरून तयार होऊनच आला असेल, तर हिशेब कोलमडतो.

समजा, सुरुवातीला शरीरातल्या दर १०० जिवाणूंपैकी ९० औषधाने मरणारे आणि १० न मरणारे आहेत. जलद चाचणीला ९० दिसतात आणि अहवाल ‘साधा टीबी’ असा येतो. औषधे सुरू होतात आणि ते ९० मरू लागतात. रुग्णाला पहिले काही आठवडे बरे वाटते, भूक लागते, ताप उतरतो. मग मोकळ्या झालेल्या जागेत उरलेले १० वाढू लागतात. चारपैकी दोन मुख्य औषधे त्यांच्यावर चालतच नाहीत. उरलेल्या दोन औषधांवर सगळा भार पडतो आणि त्यांनाही दाद न देण्याची सवय या जिवाणूंना लागू शकते. केप टाउनच्या संशोधकांनी २००५ मध्ये असेच बदल नोंदवले. काही रुग्णांत उपचारांच्या ओघात वरचढ स्ट्रेनच बदलला होता.

या उदाहरणातच उपायाची दिशाही आहे. औषधे चाळणीसारखी काम करतात. पहिल्या दिवशी १० टक्के असलेला स्ट्रेन दोन महिन्यांनी बहुसंख्य झालेला असतो. म्हणजे ज्या यंत्राला तो सुरुवातीला दिसला नाही, त्याच यंत्राला तो आता दिसू शकतो. गरज असते ती वेळेवर पुन्हा विचारण्याची. ‘सुरुवातीचा अहवाल तर चांगला होता’ असे म्हणून दुसरी चाचणी टाळली, तर हाती आलेली संधी जाते.

भारताशी, मुंबईशी याचा संबंध काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यातले २६ टक्के एकट्या भारतातले होते. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, मुख्य दोन्ही औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के, तर आधी उपचार घेतलेल्यांत ११.६२ टक्के आढळले. चेन्नईतल्या क्षयरोग संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २००४ मध्येच एकाच रुग्णात एकाहून अधिक स्ट्रेन आढळल्याचे नोंदवले होते. म्हणजे हा प्रश्न फक्त आफ्रिकेचा नाही.

मिश्र संसर्गाचे गणित सोपे आहे. जिथे हवेत टीबी जास्त, तिथे दोनदा लागण होण्याची शक्यता जास्त. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला होता. तो २०१८ मध्ये समोर आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही. अपुरा उजेड-वारा आणि टीबी यांचा संबंध या अभ्यासाने दाखवून दिला. अशा घरात राहणाऱ्याला एका शेजाऱ्याकडून साधा आणि दुसऱ्याकडून औषधांना दाद न देणारा टीबी मिळणे अशक्य नाही.

टीबी एकदा होऊन गेला म्हणजे कवच मिळाले, असेही नाही. केप टाउनमध्येच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, यशस्वी उपचार झालेल्यांना नव्या लागणीने पुन्हा टीबी होण्याचे प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येतल्या नव्या टीबीच्या सुमारे चौपट होते. बरा झालेला रुग्ण त्याच कोंदट खोलीत परत जात असेल, तर केवळ गोळ्यांचा हिशेब ठेवून भागणार नाही.

मग प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी करायची का?

नाही, आणि तशी मागणी करणे व्यवहार्यही नाही. बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारांनी बरे होतात. संपूर्ण जनुकीय तपासणीने मिश्र संसर्ग सर्वांत चांगला कळतो, पण त्यासाठी यंत्रे, तज्ज्ञ आणि पैसा लागतो. मिश्र संसर्गाची धास्ती घालून लोकांचा जलद चाचणीवरचा विश्वास उडवणे तर अधिक घातक ठरेल. जलद चाचण्या नव्हत्या तेव्हा औषधप्रतिरोध कळायला महिनोन् महिने लागत.

मुद्दा अहवाल कसा वाचायचा, हा आहे. ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ याचा अर्थ ‘या नमुन्यात, या यंत्राला, आज आढळला नाही’ एवढाच. प्रत्यक्षात मात्र तो ‘नाहीच’ असा वाचला जातो. रुग्ण सुधारत असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. सुधारत नसेल तर याच फरकावर सगळे अवलंबून असते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, दोन महिन्यांच्या टप्प्यावरची थुंकी तपासणी उपचाराइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. त्या वेळी जिवाणू आढळले, तर औषधप्रतिरोधाची चाचणी पुन्हा करावी, हे राष्ट्रीय कार्यक्रमातही अपेक्षित आहे. हे कागदावरून प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णापर्यंत, खासगी दवाखान्यातल्या रुग्णापर्यंतही, वेळेत पोहोचायला हवे. जलद चाचणीला मेलेल्या जिवाणूंचाही डीएनए दिसतो. त्यामुळे आजार हटला की नाही, हे पाहायला सूक्ष्मदर्शक आणि कल्चर लागतात. औषधप्रतिरोध वर आला का, हे पाहायला जलद चाचणी. दोन्हींचे काम वेगळे आहे.

दुसरी गोष्ट, ज्यांना आधी टीबी होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या घरात औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा रुग्ण आहे, त्यांच्या बाबतीत एका नमुन्यावर विसंबू नये. वेगळ्या दिवशी घेतलेला दुसरा नमुना आणि सोबत कल्चर, एवढी खबरदारी सुरुवातीलाच घेता येईल. वर दिलेले २.८४ आणि ११.६२ हे आकडेच या भेदाचे समर्थन करतात.

तिसरी गोष्ट, ज्या नमुन्यांची जनुकीय तपासणी आधीच होते, त्यांत दोन स्ट्रेनच्या खुणा दिसल्या तर त्या ‘नमुना खराब’ म्हणून बाजूला न टाकता नोंदवाव्यात. प्रयोगशाळेत नमुने एकमेकांत मिसळल्यानेही दोन स्ट्रेन दिसू शकतात, म्हणून खात्री करायलाच हवी. पण खात्रीनंतरची नोंद महत्त्वाची आहे. एखाद्या वस्तीत मिश्र संसर्ग वारंवार सापडला, तर तिथल्या हवेत किती टीबी फिरतो आहे, याचा तो थेट पुरावा असेल. महापालिका आणि गृहनिर्माण यंत्रणांना खिडक्या, मोकळी जागा आणि इमारतींमधले अंतर यांचा विचार करायला लावण्याइतका तो भक्कम असेल.

चौथी गोष्ट भाषेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये उपचार सुटलेल्या रुग्णांसाठीचा ‘डिफॉल्टर’ हा शब्द बदलला, कारण त्यात सगळा दोष रुग्णावर जात होता. शब्द गेला, वृत्ती मात्र अनेक ठिकाणी टिकून आहे. गोळ्या घेतल्या का, हे तपासायला अनेक मार्ग आहेत. रिफाम्पिसिन घेतले की लघवीचा रंग नारिंगी होतो, ही साधी खूणही आहे. गोळ्या घेतल्याचे दिसत असूनही गुण येत नसेल, तर पुढचा प्रश्न रुग्णाला नव्हे, जिवाणूला विचारायला हवा.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

औषधे स्वतःहून बंद करू नयेत किंवा बदलू नयेत. मिश्र संसर्ग असला तरी त्यातला औषधाने मरणारा भाग याच गोळ्यांनी मरत असतो. पहिल्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. आधी कधी टीबी झाला होता का, घरात किंवा शेजारी कोणाचे ‘मोठे’ उपचार चालू आहेत का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. दोन महिन्यांनी खोकला, ताप, वजन यांत फरक नसेल, तर ‘औषधप्रतिरोधाची चाचणी पुन्हा करता येईल का?’ असे स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरही आता सहा महिन्यांचे उपचार आहेत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या उपचारपद्धतीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी यासाठी २० महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत. इलाज जवळ आला आहे. तो सुरू होण्याआधी शरीरात लपलेला दुसरा स्ट्रेन वेळेत सापडायला हवा, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे आता अनेक तालुक्यांत पोहोचली आहेत. दुसऱ्यांदा नमुना घेण्याची तयारी तेवढी हवी.